मला घेतलं की गोडाऊनला?

आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्न आटोपल्यावर पाहुणे कामाचं जरा जास्तच कौतुक करायला लागले, की आधी खुर्च्या मोजून घ्यायच्या, हे मी मिसरूड फुटायच्या आधीच शिकलो. त्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसावर माझा पटकन विश्वास बसत नाही. स्वभावच झालाय म्हणा.

एका लग्नाचा मंडप बांधत होतो. मी माईक तपासत होतो आणि वर चढलेला गडी भलतीच दोरी सोडायला लागला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, ते थेट माईकमध्ये. नवरीचा भाऊ पळत आला. मला वाटलं, आता भांडण.

"पावणं, ह्यो आवाज कुठनं काढला हो? आमच्या बँडला असाच गायक पायजे."

"मी गात न्हाय."

"गायचं न्हाईच की! वरडायचं हाय." मग मंडपाकडं बघत लगेच म्हणाला, "तुमचं गोडाऊन कुठं हाय?"

हा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला.

नवरीचा हा भाऊ गिटार वाजवायचा. ड्रमवाला शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आणि बास गिटार वाजवणारा मेडिकल दुकानात. तिघांचा हेवी मेटलचा बँड होता, पण घरात वाजवलं की शेजारी दारात. गिटारवाल्यानं मोबाईलवर ते संगीत ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, स्पीकर फाटलाय. आमच्या गोडाऊनमध्ये मात्र छतापर्यंत गाद्या आणि पडदे रचलेले. आत बॉम्ब फुटला तरी रस्त्यावर कळलं नसतं. तिथं ते दर रविवारी दुपारी यायला लागले.

मला त्यांनी पोटातून गुरगुरायला शिकवलं. पहिला महिना घसा बसला. आईनं हळद-दूध पाजून पाजून वैताग आणला. मग एका रविवारी गळ्याला त्रास न होता तो आवाज निघाला, लांबलचक आणि खोल. अंगावर काटा आला माझ्याच. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी मी भारी होतो, आणि तेच मला खरं वाटेना. मला आवाजासाठी घेतलंय की गोडाऊनसाठी?

मी पुरावे गोळा करायला लागलो. ड्रमवाला दर वेळी म्हणायचा, "इथल्यागत कुठंच वाजत न्हाय." माझ्याबद्दल तसं कधी बोलला नाही. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज दबका यायचा. मी चहा घेऊन आत आलो की बोलणं थांबायचं. एकदा तर गिटारवाला फोनवर सांगत होता, "जागा हाय म्हणून तर चाललंय सगळं." मला बघितलं आणि विषय बदलला.

आठ महिने असं गिळून गप्प बसलो. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायचं ठरलं, तेव्हा राहवेना. एका रविवारी सरळ ठोकून दिलं, "वडिलांनी किल्ली काढून घेतली. गोडाऊन आता मिळणार न्हाय."

वडिलांना या थापेचं काही माहीत नव्हतं. किल्ली माझ्याच खिशात होती.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. ड्रमवाला "बरं" म्हणाला. टेम्पोत सामान भरलं आणि गेले. दोन रविवार एकाचाही फोन नाही. बघा, म्हटलं, निघालं की नाही खरं! मला तर आनंदच झाला असं मी स्वतःला सांगत होतो, आणि फोन मात्र सारखा काढून बघत होतो.

तिसऱ्या रविवारी आईच्या गोळ्या आणायला बासवाला कामाला होता त्या मेडिकलमध्ये गेलो. मालक म्हणाले, "त्यो कागलच्या अलीकडं पोल्ट्रीवर वाजवायला असतोय आता रविवारचा." गाडीला किक मारली. नवा गायक कोण ते डोळ्यांनी बघायचं आणि चार शिव्या घालून परत यायचं, एवढंच डोक्यात होतं.

कोंबड्या विकून शेड रिकामी झाली होती. मी जाळीबाहेर उभा राहिलो. आमचंच गाणं चालू होतं. माझी ओळ आली तेव्हा गिटार थांबली, ड्रमवाला नुसता ठेका धरून राहिला. कुणीच गायलं नाही. ओळीचा वेळ संपला तसं तिघं पुढं वाजवायला लागले. दुसऱ्या कडव्यालाही तेच. जिथं जिथं मी होतो, तिथं तिथं त्यांनी रिकामं ठेवलं होतं. मला तिथंच रडू फुटलं.

आत गेलो. ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. "आलास व्हय? आम्हाला वाटलं, तुला सोडायचं हाय म्हणून किल्लीचं निमित्त काढलंस. खोटं बोलतोयस असं वाटलं."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. दाराशीच कबूल केलं असतं तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण तोंडातून निघालं, "खोटं कशाला बोलू?"

"चुकलं आमचं," तो म्हणाला. "उगंच संशय घेतला. माफ कर."

आणि मी माफ केलं.

तेव्हापासून आम्ही पोल्ट्रीत असतो. दर रविवारी ते तिघं आधी येऊन शेड झाडतात, कारण वासानं माझा घसा धरतो. पत्र्याखाली घामाघूम होतात. गोडाऊन गाद्यांसकट तसंच पडलंय. वडिलांनी दोनदा विचारलं, "ती पोरं येत न्हाईत व्हय?" मी सांगितलं, ड्युट्या बदलल्या त्यांच्या.

परवा वडील खुशीत घरी आले. त्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या मंडपाचं काम आम्हालाच मिळालंय. "बरं झालं," म्हणाले, "तुझं गाणंबी ऐकतो, आन् त्या पोरांना भेटून विचारतो, माझ्या गोडाऊनात काय कमी पडलं म्हणून सोडून गेलासा?"

मी मान डोलावली. गॅदरिंगला अकरा दिवस आहेत, आणि मधे एकच रविवार.