वर्लिनने उजवी बाजू घासली नाही

वर्लिन स्टॅम्परच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मी लेथ चालवायचो. आमच्या केंटकीच्या डोंगरात पिस्तूल साफ करून घाईत जोडलं, की खीळ घसरते आणि डाव्या अंगावर कमानीसारखा ओरखडा उठतो. त्याला सगळे 'गाढवरेघ' म्हणतात. ज्याच्या पिस्तुलावर ती दिसेल त्याला मरेपर्यंत चिडवतात.

ट्रीना एका दुपारी नवऱ्याचं, कर्टिसचं स्टीलचं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. दारू चढली की तो ते तिच्या तोंडात खुपसायचा. तो लाकडाच्या गिरणीवर गेल्यावर गोळी उडू नये म्हणून तिने आतली पिन काढायला पिस्तूल उघडलं, मग धीर सुटला. परत जोडताना रेघ पडली.

"चारला सुटतो तो," ती म्हणाली. "रेघ दिसली तर जिवंत ठेवणार नाही, वर्लिन."

"शेरिफकडे जा की."

"शेरिफ त्याच्याच गाडीतून हरणं मारायला जातो."

वर्लिनने राखाडी घासणीवर तेल घेतलं. स्टीलच्या मूळ रेषा ज्या दिशेने, त्याच दिशेने हात. मागे आणताना घासणी उचलायची. नुसती रेघ घासली तर तिथे चकाकता डाग दिसतो, म्हणून त्याने अख्खी डावी बाजू घासली. रेघ गेली.

"कारखान्यातून निघालं तेव्हाही एवढं देखणं नसेल," म्हातारा खुशीत म्हणाला. तीच चूक झाली. उजव्या बाजूला इतक्या वर्षांचे ओरखडे तसेच होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच कर्टिस आला. बोटांची सालं निघाली होती, बाहीवर रक्त वाळलेलं. त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"झकास काम, म्हाताऱ्या. आता उजवी बाजूपण कर."

"ट्रीना कुठंय?"

"पडलीय घरी. दात वेचतेय."

वर्लिनने गोळ्या काढल्या, पिस्तुलाचा सांगाडा शिकंज्यात आवळला. माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. आणि घासणीऐवजी हातोडा उचलला. पहिल्याच घावात सांगाडा वाकला. कर्टिस टेबलावरून झेपावला. मी मागच्या दाराने पळालो, थेट ट्रीनाच्या घराकडे. पाठीमागे हाड मोडल्याचा आवाज आला. त्या हाताने वर्लिनने पुन्हा कधी काम केलं नाही.

ट्रीना स्वयंपाकघरात फरशीवर होती. एक डोळा मिटलेला, श्वास चालू. तिला उचलून गाडीत घातलं आणि पलीकडच्या काउंटीतल्या दवाखान्याची वाट धरली.

"रेघ गेली होती ना?" तिने रक्त थुंकत विचारलं.

"गेली होती," मी म्हणालो.