दाराबाहेरचा माणूस

आमच्या साडभाऊंइतका भित्रा माणूस त्या काळच्या अख्ख्या मध्य प्रदेशात नसेल, भिलाईत तर नव्हताच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, हा नवरा. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. ते पालीला भीत, इंजेक्शनला भीत, दुर्गला गाडीत चढताना भीत आणि चढल्यावर उतरता येईल की नाही म्हणून भीत. स्कूटर त्यांची, पण चालवायचो मी. मागे बसून ते पुढचा प्रत्येक खड्डा मला आधीच सांगत. आणि हाच माणूस कारखान्यात गॅसच्या पाइपात रांगत शिरून दुरुस्ती करी. तिथे भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं तर त्यांना माझ्या अकलेची कीव आली. "आतमधी भेव कायचं? भायेर माणूस उभा असते न." नियमच तसा होता. एक जण आत शिरला की दुसऱ्याने तोंडाशी उभं राहायचं, हाकेला ओ द्यायची आणि आतला बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही.

अशा माणसाचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. कमरेखालची भूल असेतो भाऊजी नर्सला नागपूरच्या संत्र्यांचं महत्त्व सांगत होते. ती उतरली आणि त्यांनी संत्र्यांचं नाव टाकलं. घरी आले ते सायकलरिक्षात पालथे पडून. ताई आणि मी मागून चालत. गोळ्या वेळेवर घ्या, कोमट पाण्याच्या टबात बसा, पाणी भरपूर प्या, इसबगोल घ्या आणि पोटभर जेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या त्यांनी घड्याळ लावून घेतल्या. टबातलं पाणी आधी स्वतः कोपराने तपासत, मग ताईंना तपासायला लावत, तोवर ते गार होई. भेटायला कुणी आलं की स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून चहा पाजत. जेवण मात्र त्यांनी साफ बंद केलं. "जे आतमधी गेलंच नाही, थे भायेर कायचं येईन?" असा त्यांचा हिशेब.

आधी आम्ही हसलो. मग त्यांचे गाल बसले, उठताना भिंत धरावी लागली, आणि डॉक्टर ताईंवरच चिडले. असंच उपाशी ठेवाल तर मळ खडा होईल, जखम फाटेल, पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, म्हणाले. ताई मुगाच्या खिचडीवर तूप घालून समोर बसून राहत आणि पदराने डोळे पुसत. मलाही आता भीती वाटू लागली होती. त्या संध्याकाळी भाऊजींनी मला जवळ बोलावलं.

"बापू, मले लय भेव लागून राहिलं. तू भायेर उभा राहशीन काय?"

राहतो म्हटल्यावर त्यांनी वाटीभर खिचडी खाल्ली.

सकाळी गोळी घेऊन, टबात बसून, देवाला हात जोडून ते आत गेले. मी मागच्या अंगणातल्या संडासाच्या दाराशी उभा राहिलो. शेजारच्या बाईंनी इथे काय करून राहिले म्हणून विचारलं; मी दाराकडे बोट दाखवलं. आतून हाक आली, "आहेस काय?" मी म्हटलं, "आहे." पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग एक कण्हणं ऐकू आलं आणि नंतर काहीच नाही. मीच हाक मारली, "भाऊजी, आहात काय?"

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला. "आहो."

बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते. टबात बसल्या-बसल्या त्यांनी खिचडी मागितली आणि मला म्हणाले, "जाय आता. ड्युटी झाली तुही."

पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. आत नेताना त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. सगळे म्हणाले, चहा घेऊन या, वेळ लागेल. मी दाराशीच उभा राहिलो. त्या दारातून हाक ऐकू येण्यासारखी नव्हती, तरी अधूनमधून मी "आहे" म्हणत होतो. शेवटी डॉक्टर बाहेर आले. भाऊजी आले नाहीत.

त्यांची फार आठवण येते. माझी ड्युटी झाली असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.