टेलरबाईंच्या वहीतला शेरा

टेलरबाईंच्या गळ्यात दागिना म्हणाल तर एकच, पिवळी टेप. त्या टेपनं त्यांनी एकतीस वर्षांत अख्खी गल्ली मोजून काढली होती. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली. खिडकीशी मशिन, भिंतीला उंच आरसा, कोपऱ्यात पडदा. पडद्याआड गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की बाई म्हणायच्या, "श्वास सोडा. मला फसवाल हो, पण बटणाला कसं फसवणार?"

मापं एका लांबट वहीत असत. बाईंच्या लक्षात नावं राहत नसत, म्हणून वहीत नुसतं 'बेकरीवाली', 'दाताचे डॉक्टर', 'तिसऱ्या मजल्यावरची सून'. पुढे छाती, कंबर, खांदा, बाही, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बाईंची खरी विद्या या शेऱ्यात. 'उजवा खांदा पडका, पॅड देणे.' 'सांगते चौतीस, आहे चाळीस.' वही मशिनच्या खणात कुलपात. किल्ली बाईंच्या कमरेला.

नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावून निवृत्त झालेला. घरी बसल्यावर हातात फोन आला आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. बायको एकेका मापासाठी वहीची पानं उलटत बसते हे काही त्यांना बघवेना.

"अगं, मी सगळं फोनमध्ये घालून देतो. नाव टाकलं की माप समोर!"

टेलरबाई तेव्हा एका कोटाच्या अस्तरात गुंतल्या होत्या. "घाला काय घालायचं ते. मशिनला हात लावू नका म्हणजे झालं," असं म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली.

चार दुपारी खपून त्यांनी तक्ता केला. एकशे अठ्ठ्याऐंशी गिऱ्हाईकं, अकारविल्हे, शेऱ्यांसकट. पाचव्या दुपारी ते आतल्या खोलीतून ओरडले, "पाठवला गं तुला!"

"मला नाही काही आलं."

त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तक्ता गेला होता गल्लीच्या ग्रुपवर, उद्या पाणी बंद राहील या सूचनेच्या बरोब्बर खाली. ग्रुपवर दोनशे बारा माणसं.

"पुसा! आधी पुसा!"

त्यांनी घाईघाईनं पुसला. "गेला! बघ, माझ्याकडे दिसतसुद्धा नाही." त्यांच्याकडे दिसत नव्हता हे खरंच. तो फक्त त्यांच्याच फोनमधून पुसला गेला होता. बाकी दोनशे अकरा जणांकडे तो सुखरूप होता.

हे कळायला पाच मिनिटं लागली. जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि पिठानं माखलेल्या हातात फोन धरून बेकरीवाली दारात उभी राहिली.

"बाई, 'कंबर शोधावी लागते' ती मी का?"

टेलरबाईंना खोटं बोलता येत नसे. "हो. पण मी शोधते की नाही दर वेळी?"

बेकरीवाली रागावलीच होती, पण तिला हसू फुटलं. मग म्हणाली, "माझं सोडा. खाली सगळी गल्ली फोनात डोकं घालून बसलीय. प्रत्येक जण आधी स्वतःची ओळ बघतो आणि मग शेजाऱ्याची."

टेलरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच ओळ नाचत होती. 'ग्रंथपालबाई. डावीकडे आतून पॅड, ऑपरेशननंतर. कुणाला बोलायचं नाही.' चार वर्षं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्या चपला शोधत होत्या तेवढ्यात फोन वाजला. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. पुढच्या आठवड्यात मंडळाची निवडणूक, आणि चौकात त्यांचं पोस्टर. पोस्टरवरचे अध्यक्ष सुतासारखे सडसडीत. तक्त्यात मात्र लिहिलेलं, 'कोटाला आतून पट्टा. फोटोपुरता श्वास धरायला सांगणे.'

"बाई, ग्रुपवर लिहा की हा तक्ता खोटा आहे. कुणीतरी खोडसाळपणा केला म्हणा."

"पण माप बरोबर आहे, साहेब."

"ज्या जागेत तुमचं दुकान आहे ना, तिचा परवाना आमच्या मंडळाकडून जातो. विचार करा." फोन बंद झाला.

नवरा कोपऱ्यात अपराध्यासारखा बसला होता. तो हळूच म्हणाला, "लिहून टाक ना. सगळ्यांचीच झाकली मूठ राहील."

ते बाईंना टोचलं. धमकीला त्या भीक घालणार नव्हत्या. पण खोटं लिहून एका बाईची अब्रू झाकली जात असेल तर? विचार करत त्या वाचनालयात पोचल्या. ग्रंथपालबाई परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगामागे बसल्या होत्या. फोन पालथा ठेवलेला.

"चूक माझी," टेलरबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "किल्ली मी दिली. तुम्ही सांगाल ते करते. खोटं आहे म्हणून लिहू?"

ग्रंथपालबाई बराच वेळ एका पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिल्या. डोळे लाल होते.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "तुमचा राग आलाय मला. येणारच. पण खोटं आहे म्हणालात तर लोक परत उघडून बघतील, खरं काय ते शोधायला. आणि चार वर्षं मी चारचौघांत ताठ उभी राहिले ती तुमच्या शिवणीमुळे. ती खोटी कशी म्हणू देऊ?"

त्यांनी फोन सुलटा केला. टेलरबाईंच्या समोरच टाइप केलं आणि वाचून दाखवलं. 'डावीकडचं पॅड माझं आहे. ऑपरेशन झालं, मी बरी आहे. हे सांगायचं तर मीच सांगणार होते, ती संधी गेली. आता प्रत्येकानं तक्ता आपापल्या फोनमधून पुसावा. दुसऱ्याचं पत्र चुकून हाती आलं तर आपण वाचत बसत नाही.'

बटण दाबलं. पहिली ओळ आली बेकरीवालीची, 'पुसला. हरवलेली कंबर माझी.' त्यापाठोपाठ दाताचे डॉक्टर, 'पडका खांदा माझा. पुसला.' मग बँकेतल्या कॅशियरबाई, 'सांगते चौतीस ती मी. यापुढे अडतीस सांगेन.' बघता बघता ओळींची रीघ लागली. ग्रंथपालबाई एकेक वाचत होत्या आणि डोळे पुसता पुसता हसत होत्या.

अध्यक्ष ग्रुपमधून बाहेर पडले. परवान्याचं पुढे काही झालं नाही, कारण निवडणुकीत त्यांचीच खुर्ची गेली. लोक म्हणाले, पोटामुळे नाही, पोस्टरमुळे. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी कोट घेऊन आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "पट्टा काढून टाका म्हणालेत."

सगळंच गोड झालं असं नाही. तिसऱ्या मजल्यावरची सून पुन्हा कधी जिना चढली नाही, आणि टेलरबाईंनी तिला कधी दोष दिला नाही. त्यांनी जुनी वही ग्रंथपालबाईंच्या देखत फाडली. आता माप घेतलं की त्या ते एका चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातात देतात. "ज्याचं माप त्याच्या पाकिटात. पुढच्या वेळी घेऊन या." आणि शेरा तोंडावर सांगतात, अगदी कानाशी.

चिठ्ठ्या अर्थातच हरवतात. नवरा आता दाराशी बसून वेळा देतो, कागदावर, कारण दर दुसऱ्या माणसाचं माप नव्यानं घ्यावं लागतं. परवा ग्रंथपालबाईही चिठ्ठी हरवून आल्या.

"अर्धा इंच वाढलाय," टेप वाचत टेलरबाई पुटपुटल्या.

"मोठ्यानं सांगा की," पडद्याआडून ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तो बेकरीवालीमुळे वाढलाय. रोज काहीतरी पाठवते."

खालून बेकरीवालीनं ओरडून विचारलं, "माझं नाव कोण काढतंय?" आणि वरच्या खोलीत दोघी इतक्या हसल्या, की माप पुन्हा घ्यावं लागलं.