टेम्पोचे पाटे

कोकणच्या रस्त्यांनी आमच्या टेम्पोच्या पुढच्या चाकांचा पार खुळखुळा केला होता. शेवटी गोवंडीच्या मेकॅनिकने पुढचं सगळं नाजूक लटांबर काढून फेकलं आणि जुन्या ट्रकसारखा सबंध एक्सल बसवला, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड दांडा. आता त्यावर धक्के झेलणाऱ्या कमानी कुठल्या टाकायच्या एवढंच ठरायचं होतं.

"भाऊ, माल काय भरणार?"

"बायको," मी म्हणालो.

तो हसला. मला हसू आलं नाही. गावचे नारळ नि कोकम आणून मुलुंडच्या दुकानांत पोचवायचे, हा आम्हा नवराबायकोचा धंदा. पण तिचा आजार मणक्यात उतरला होता आणि हॉस्पिटलच्या खेपा याच टेम्पोतून व्हायच्या. प्रत्येक खड्ड्यात ती कळवळायची. तेव्हा माल गेला उडत.

कमानीत एकावर एक रचलेले पोलादी पाटे जास्त असले की गाडी वजन पेलते, पण रिकामी असताना आदळते. पाटे कमी केले की मऊ चालते, पण माल भरला की बसते. शहाणी माणसं मालाचं वजन बघून पाटे ठरवतात. आम्ही तिची पाठ बघून ठरवायला निघालो. तिला केबिनमध्ये बसवलं, दोघांनी बंपरवर उभं राहून गाडी हिंदकळवली आणि विचारलं, दुखतंय?

दुखलं. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. ती खुर्चीत बसून आमच्या घामाची टिंगल करत होती. मग पुन्हा केबिनमध्ये बसवलं, पुन्हा बंपर दाबला.

"झकास," ती म्हणाली. "आता काही नाही."

"वैनी, अजून एक काढू?"

"कशाला? गाडीची वाट लावताय काय?"

मी आनंदाने मेकॅनिकला मिठीच मारली.

परतताना घाटकोपरच्या अलीकडे एका खड्ड्यात ती किंचाळली. गाडी बाजूला घेतली, तर ओढणी तोंडात कोंबून रडत होती.

"खोटं बोललीस?"

"मग काय करू? माझ्यापायी गाडी मऊ करून घ्याल, आणि मी गेल्यावर नारळ डोक्यावरून नेणार का?"

"मागे वळवतो."

"वळवा. मी इथेच उतरते."

तिने खरंच दाराला हात घातला. मी पुढेच निघालो, पायी चालल्यासारखा हळू. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. मीही रडत रडत त्यांना घातल्या.

त्यानंतर ती टेम्पोत बसली नाही. श्रावणात गेली.

आता कितीही माल भरा, टेम्पो जराही बसत नाही. दुकानदार म्हणतात, "काय पाटे टाकलेस यार!" मी नुसती मान हलवतो. पण नारळ उतरवून रिकामा परततो तेव्हा गाडी आदळत राहते, खड्डा थेट माझ्या मणक्यात शिरतो. तिने हेच सोसलं, माझ्या पोटासाठी, आणि वर झकास म्हणाली. मग मला गाडी चालवता येत नाही.