अनंताच्या बारा काड्या

आई चैत्रात गेली. तेरावा झाल्यावर मी देवरूखहून निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, "मागीलदारी खोली काढतोय. पावसाच्या आधी जोतं तरी व्हायला हवं. आईचं अनंताचं झाड मध्येच येतं, ते तोडावं लागेल."

त्याच्यावर रागावण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. तीन महिने आईचं अंथरुणावरचं सगळं करून मी पार थकले होते. रडूसुद्धा आलं नव्हतं. कोयती मागून घेतली, अनंताच्या बारा काड्या तोडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एसटीत बसले.

नवरा लोट्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचा. जवळच आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढे नुसता कातळ. सकाळी दहालाच असा तापायचा की अनवाणी पाय ठेववत नसे. मी डब्यांत माती भरून काड्या खोचल्या आणि झाडाला ऊन हवंच, म्हणून अंगणात मांडल्या. चौथ्या दिवशी पाच काड्या काळ्या पडल्या.

शेजारच्या म्हाताऱ्या काकींनी कुंपणावरून पाहिलं. सगळा जन्म शेतीत गेलेला, मुलगे मुंबईला.

"काय केलंस गो हे? मूळ नाही तिला, पाणी पिणार कशानं? नि वर ऊन!"

त्या येऊन बसल्याच. उरलेल्या सात काड्यांची खालची पानं खुडली, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापली. बुडाशी, पान फुटतं त्या डोळ्याखाली, नवा तिरका काप दिला. माती ओतून टाकून डब्यांत नदीची वाळू भरली आणि डबे मोरीमागच्या सावलीत ठेवून भोवती ओलं गोणपाट उभं केलं.

"आता हात लावू नको. मूळ आलं का म्हणून उपटून बघशील, तर गेली."

वैशाखात आमची विहीर आटली. दुसऱ्या वाडीतून दोन हंडे आणायचे, त्यात सगळं भागवायचं. रात्रपाळी करून आलेला नवरा एकदा वैतागला, "प्यायला पाणी नाही नि तू काटक्या भिजवतेस?"

"तांदूळ धुतलेलं घालते," मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका काडीला पोपटी पान फुटलं. मी धावत काकींना बोलावलं. त्यांनी मान हलवली. "हे अंगातल्या रसावर फुटलंय. मूळ नाही धरलं अजून."

आठ दिवसांत ते पान लोंबलं, काडीही सुकली. त्या दुपारी मी मोरीच्या दगडावर बसले आणि आईसाठी पहिल्यांदा रडले. खूप वेळ, आवाज करून. नवरा झोपेतून उठून आला, दारात उभा राहिला. मग त्याने हंडा उचलला आणि भर उन्हात पाण्याला गेला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी पाणी तोच आणू लागला.

मृग लागेपर्यंत दोनच काड्या टिकल्या. काकींनी एक हलकेच ओढून पाहिली. ती वाळूतून हलेना.

"धरलं," त्या म्हणाल्या.

एक मी परसात लावली. श्रावणात भाऊ आला, तेव्हा तिच्यापाशी वाकून त्याने पानं चाचपली. जाताना म्हणाला, "दुसरी मला देशील? खोलीच्या कडेला जागा ठेवलीय."

मी डबा त्याच्या हातात दिला. पाणी किती घालायचं ते सांगितलं. एसटीपर्यंत पोचवायला मात्र गेले नाही; आईच्या दुखण्यातला थकवा अजून अंगात होता. आत येऊन आडवी झाले, ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.