उसनं नाक

एल्मीर गिड्रोचं नाक गेलं ते डिसेंबरच्या तापात. ताप आठवड्याभरात उतरला, खोकला नाताळपर्यंत गेला, नाक काही परत आलं नाही. दिसायला जागच्या जागी होतं, पण कॉफीचा वास नाही, साबणाचा नाही, शेजारच्या डुकरांचासुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला ही सोय वाटली असती. एल्मीरला मात्र मार्दी ग्राला साऱ्या गावाचा गंबो, म्हणजे कोंबडी-सॉसेजचा दाट रस्सा, करायचा होता.

मार्दी ग्रा म्हणजे उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधीचा शेवटचा मंगळवार. त्या सकाळी पुरुष मुखवटे चढवून घोड्यांवर निघतात, घरोघर नाचून कोंबड्या मागतात, आणि उन्हं कलली की वखवखलेल्या पोटांनी सभागृहाच्या अंगणात येतात. बायकापोरं, म्हातारेकोतारे, पाहुणे आधीच जमलेले असतात. तीन-चारशे माणसांना त्या दिवशी गंबो लागतो, आणि तो बिघडला तर पुढच्या मार्दी ग्रापर्यंत गाव दुसरं काही बोलत नाही.

हा गंबो आधी एल्मीरचा सासरा टेलेस्फोर करायचा. हात थकले तेव्हा त्याने बिडाचा अवाढव्य हंडा आणि ढवळायचं लाकडी वल्हं पोटच्या मुलीला, व्हर्नाला, न देता सुनेला, एल्मीरला, दिलं. का, ते तिच्याखेरीज कुणाला सांगितलं नाही आणि मरून गेला. तेव्हापासून व्हर्ना दर वर्षी न चुकता यायची, कांदे चिरायची आणि वहिनीशी शब्द बोलायची नाही. बाकी साऱ्या जगाशी बोलायची. कुंपणाच्या खांबालाही ती बोलतं करील अशी तिची ख्याती.

गंबोचा जीव रूमध्ये असतो. तेलात पीठ घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढऱ्याचं तांबूस, तांबूसचं काळपट तपकिरी होईपर्यंत. कोंबडी, सॉसेज, भाज्या नंतर कुणीही घालील. खरी परीक्षा शेवटच्या घटकेला, कारण खरपूस आणि करपट यांत एका श्वासाचं अंतर. ते अंतर डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतं.

म्हणून एल्मीरने तोंडाला कुलूप लावलं होतं. जानेवारीभर दारं लावून घरातल्या घरात रू केले. दोन जाळले, तिसरा रंगावर आणि आवाजावर साधला. पीठ आधी फसफसतं, मग शांत होतं, मग पातळ होऊन वल्ह्याला सैल लागतं, हे तिने नव्याने शिकून घेतलं. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. धाकटा दीर ओव्ही टपूनच बसला होता. दुकानात तयार रू बरणीत मिळतो, झाकण उघडायचं नि ओतायचं, हे तो दर वर्षी ऐकवायचा. वहिनीचं नाक गेलंय हे कळलं असतं तर पुढल्या वर्षी हंड्यात बरणीच गेली असती. आणि एल्मीरच्या मते बरणीतला गंबो खाण्यापेक्षा उपास एक दिवस आधी धरलेला बरा.

मंगळवारी सकाळी तिने शेगडी छपराखालून बाहेर काढायला लावली. रंग उजेडात बघायला हवा होता, पण ते सांगणार कसं?

"वहिनी, वारा आहे," ओव्ही म्हणाला.

"मग टोपी घाल."

वारा खरंच होता. ज्वाळा हंड्याच्या एका अंगाला ढकलली जात होती आणि एल्मीर रंगाकडे डोळे लावून दुसऱ्या अंगाला उभी होती. दंड भरून आले होते. रू तांबूस झाला, काळवंडू लागला, आता थोडंच, असं ती मनाशी म्हणत होती. इतक्यात कांदे चिरणारी व्हर्ना सुरी तशीच हातात घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"जळतंय," ती म्हणाली. इतक्या वर्षांतला तिचा वहिनीशी पहिला शब्द हा.

"नाही जळत. रंग बघ ना."

"रंग काय बघायचाय? वासाने कुत्रं उठून गेलं."

एल्मीरने वल्हं पलीकडच्या अंगाला घालून तळ खरवडला. वर आले ते काळे कण. एक कण जिभेवर ठेवला, कडू होता.

ओव्ही धावत आला. "काही होत नाही, वहिनी. मिरी जास्त घाल. सकाळपासून बियर ढोसलेले घोडेस्वार ते, त्यांना काय कळतंय? नाहीतर माझ्या गाडीत बरण्या आहेतच."

"तिथेच राहू देत. हंडा उचलायला माणसं बोलव. हे ओतून द्यायचंय."

अख्खी सकाळ मागच्या खड्ड्यात ओतली गेली. माणसं हंडा निववायला, घासायला लागली तशी एल्मीर व्हर्नाला घेऊन भिंतीच्या आडोशाला गेली. आडपडदा ठेवण्यात आता अर्थ नव्हता.

"मला वास येत नाही, व्हर्ना. डिसेंबरपासून."

व्हर्नाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. ओरडून सगळ्यांना सांगितलं असतं तर तिथल्या तिथे वल्हं व्हर्नाच्या हातात आलं असतं.

"आणि तरी गावाचा गंबो करायला उभी राहिलीस? लाज नाही वाटली?"

"वाटली. भीतीही वाटली. आता तुझं नाक मला उसनं दे."

"आणि नाही दिलं तर?"

"तर एकटीच करीन. पुन्हा जळलं तर पुन्हा ओतीन. पण बरणी उघडू देणार नाही."

व्हर्नाने सुरीचं पातं एप्रनला पुसलं. मग म्हणाली, "आधी एक सांग. बापाने वल्हं तुला का दिलं? मी त्याची पोटची पोर."

"ऐकून राग येईल तुला."

"राग आहेच. कारण तेवढं कळू दे."

"तो म्हणाला, व्हर्नाचं नाक माझ्याहूनही तिखट आहे. पण ती रूजवळ तोंड मिटून बसायची नाही, आणि बोलणाऱ्याचा रू जळतो."

व्हर्नाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. डोळे मात्र भरून आले होते. बापाला आपलं नाक ठाऊक होतं, एवढं कळायला तिला इतकी वर्षं लागली.

तिने शेगडीला पत्र्याचा आडोसा करवून घेतला, हंड्यापाशी स्टूल ओढलं आणि बसली. एल्मीरने नवं पीठ ओतलं. मग गावाने कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. व्हर्ना गप्प बसली. तासभर उलटला तरी गप्प. ओव्हीने दोनदा काहीबाही विचारलं, तिने मान हलवली. ही आजारी पडली की काय, असं तो लोकांना विचारत फिरला. आच वाढली की ती एक बोट खाली करायची, एल्मीर आच कमी करायची. दोघींच्या कपाळावर घाम, नजर हंड्यात. शेवटी रू सैल झाला, काळवंडला, आणखी काळवंडला. एल्मीरचा जीव टांगणीला लागला, पण व्हर्नाचं बोट हलेना. मग एकाएकी तिने वहिनीचं मनगट धरलं, आणि रू आणखी भाजू नये म्हणून बायकांनी कांद्याची घमेली हंड्यात रिकामी केली. चर्र आवाज अंगणभर गेला.

घोडेस्वार आले तेव्हा गंबो अजून उकळत होता. लोक ताटकळले. कुणी पोरांना दटावलं, कुणी उगाच फिडल वाजवली. अखेर त्यांचा कप्तान घोड्यावरून उतरून हंड्यापाशी आला. होता पंचविशीतला, पण आज साऱ्यांनी त्याचं ऐकायचं अशी रीत.

"टांट एल्मीर, घोडी चरून झाली. आमचं काय? एवढा उशीर कधी झाला नव्हता."

टांट म्हणजे मावशी. गावातली निम्मी माणसं तिला तेच म्हणायची. ती सगळी आता तिच्याकडे बघत होती. गॅस खराब होता म्हणाली असती तर खपून गेलं असतं.

"माझं नाक गेलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पहिला रू मी जाळला. दुसरा व्हर्नाच्या नाकावर झाला. ज्याला हा गंबो नको असेल त्याने ओव्हीच्या गाडीत जाऊन बरण्या चाटाव्यात."

कप्तानाने मुखवटा कपाळावर सरकवला, भातावर गंबो घेतला आणि उभ्यानेच खाल्ला. वाडगं रिकामं करून पुन्हा पुढे केलं. मग रांग हलली, आणि बराच वेळ चमच्यांखेरीज काही ऐकू आलं नाही.

एल्मीरनेही खाल्लं. जिभेला मीठ लागलं, तिखट लागलं, बाकी काही नाही. ती शेजारच्या व्हर्नाचा चेहरा बघत जेवली.

"पुढच्या वर्षी वल्हं तू धर," ती म्हणाली.

व्हर्नाचा चमचा थांबला. "आणि तू?"

"मी स्टुलावर बसेन. नाक गेलंय, कान शाबूत आहेत. एक शब्द बोललीस तर वल्हं काढून घेईन."