सात किलोंत बसेल तेवढं

वांगी-भेंडीच्या पिशव्या तोलायचा आमचा काटा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला असतो. मार्चमधल्या एका दुपारी मी त्याच्या आकड्याला माझी पाठीवरची बॅग अडकवली. अकरा किलो दोनशे. बॅग खाली घेतली, जीन्स आणि टॉवेल काढून टाकले, परत अडकवली. नऊ किलो सहाशे. मग मी तिथंच, म्हशीच्या गव्हाणीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले.

विमानात सोबत न्यायच्या बॅगेला सात किलोंची मर्यादा होती. इतर लोक जड बॅग खालच्या सामानात देऊन मोकळे होतात. मला ते जमणार नव्हतं, कारण माझ्या बॅगेत सत्तर दिवसांचं इन्सुलिन होतं. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते टोचून काही उपयोग नसतो. उन्हातही ते नासतं. कपड्यांची वेगळी बॅग करता आली असती, पण दहा आठवडे दोन-दोन बॅगा घेऊन बस बदलायच्या म्हणजे कधीतरी एक नजरेआड होणार, आणि ती नेमकी हीच असणार, अशी मला खात्री होती. जे न्यायचं ते एकाच बॅगेत, आणि ती बॅग माझ्या पाठीवर.

मला चौदाव्या वर्षी डायबेटीस झाला. उतारवयात होतो तो नव्हे. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं आणि दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. बारामतीच्या दवाखान्यातून काटेवाडीला परत येताना एसटीत आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाय. कावीळ झालीती म्हनायचं." ती कावीळ आईनं तेरा वर्षं सांभाळली. फ्रीजच्या दारात माझा स्टीलचा डबा असायचा; पाहुणे आले की तो भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुड्यांखाली जायचा. शाळेच्या सहलीला मी कधी गेले नाही. मामाकडं मुक्कामाला गेले नाही. पुढं बारामतीतच एका लॅबमध्ये नोकरीला लागले. दिवसभर दुसऱ्यांची रक्तं तपासायची आणि दुपारी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून स्वतःला सुई टोचायची.

दोनदा लग्न ठरत आलं. दोन्ही वेळा मीच मुलाला खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा तिकडून फोन यायचे थांबले. तिसरं स्थळ इंदापूरच्या आत्यानं आणलं. मुलगा वडगाव निंबाळकरचा, पुण्यात नोकरीला. घर चांगलं. आत्याला माझं काही माहीत नव्हतं. या वेळी मला कुणी विचारलंच नाही; न सांगायचं ठरलं.

"लग्न हुंद्या, मग हळूहळू सांगू," आप्पा म्हणाले.

"हळूहळू म्हणजे कधी? मी त्यांच्या ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्यावर?"

"तू कशाला पडतीस?" आई म्हणाली. "तेरा वर्षांत कुठं पडलीस?"

सासरी मी तो डबा कुठं ठेवणार होते, हे मात्र दोघांपैकी कुणीच सांगेना. त्या आठवड्यात मी बँकॉकचं तिकीट काढलं. बँकॉकहून लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, बसनं, आणि परत बँकॉक. असे प्रवास करणाऱ्या मुली मी फोनवर बघत आले होते. पण मी हौसेनं चालले होते असं म्हणणं खोटं होईल. आजवर फ्रीज नसलेल्या घरात मी एक रात्रही काढली नव्हती, आणि आता एक तर ते करून बघायचं किंवा आयुष्यभर मेथीखाली राहायचं, एवढंच मला दिसत होतं.

मग सुरू झालं ते वजन कमी करणं. इन्सुलिनच्या काडतुसांचे डबे, ती बसवून टोचायची पेनं, सुया, रक्त तपासायच्या पट्ट्या, दोन मीटर, साखर एकदम उतरली तर खायला ग्लुकोज, डॉक्टरांचं पत्र. पट्ट्यांच्या डब्या आणि सुयांचं खोकं फोडून सगळं पिशव्यांत भरलं, तरी हे सगळं मिळून तीन किलोंच्या घरात जायचं. बॅगेचं स्वतःचं वजन एक किलो. राहिलेल्या तीन किलोंत सत्तर दिवसांची मी. दोन टीशर्ट, एक पॅन्ट अंगावर, एक आत. साबणाची वडी सुरीनं अर्धी केली. ब्रशची दांडी करवतीनं कापली. कंगवासुद्धा अर्धा केला. जॅकेट चार वेळा आत आणि चार वेळा बाहेर. आणि रोज संध्याकाळी लॅबमधून आले की बॅग सकाळपेक्षा जड झालेली असायची. एकदा आत खोबऱ्याची चटणी निघाली, एकदा शाल, एकदा स्टीलचा तांब्या.

"आई, तांब्या कशाला?"

"पानी कशानं पिशील? परक्या मुलखात कुनाचं भांडं वापरशील?"

"बाटली आहे माझ्याकडं."

"मग नगं जाऊ," आई म्हणाली, जणू तांब्यावरच सगळं अडलं होतं.

इन्सुलिन गार ठेवायला मी एक कापडी थैली मागवली होती. तिच्या आत बारीक खडे असतात. थैली पाण्यात बुडवली की ते फुगतात आणि पाणी हळूहळू उडत राहतं, तसं आतलं गार राहतं. बर्फ लागत नाही, वीज लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "परदेशात जायच्या आधी इथल्या एप्रिलमध्ये वापरून बघ. इथं टिकलं तर कुठंही टिकेल." म्हणून मी तीन दिवसांची रंगीत तालीम ठरवली. भरलेली बॅग घेऊन आधी इंदापूरला आत्याकडं, तिथून भिगवण, मग घर. फ्रीजला हात लावायचा नाही.

निघताना आईनं एकच सांगितलं. "वन्संना दिसू दिऊ नगंस काय."

आत्यानं मला माडीवरची खोली दिली. वर पत्रा. बॅग मी घरून सात किलो शंभरपर्यंत आणली होती, सगळे पट्टे आवळून, दगडासारखी घट्ट. थैली मी अगदी मध्यभागी ठेवली होती, सगळ्या बाजूंनी कपडे, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी. वरून चेन लावून छोटं कुलूप. ती बाहेर काढून खिडकीत ठेवायचं माझ्या मनात दोनदा आलं, पण आत्या सारखी वर यायची.

"काय गं एवढं कुलूपबिलूप? काय हाय त्यात?"

"लॅबचं आहे, आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी साखर तीनशेच्या जवळ होती. काल आत्यानं आग्रहानं वाढलेल्या गुळाच्या पोळीला मी दोष दिला आणि जास्त युनिट टोचले. दुपारी ती आणखी वर. आणखी टोचले. संध्याकाळी खाली स्वयंपाकघरात गेले तेव्हा आत्याचा फ्रीज समोर होता. दरवाजावर मी हात ठेवला. आत्या कणीक मळत होती, तिनं वळून बघितलं. "पाणी घेते," म्हणाले आणि पाणीच घेतलं. तीन ग्लास. तरी तहान जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिगवणला उतरले. तिथून धरणाच्या पाण्यापर्यंत बॅग पाठीवर घेऊन चालत जायचं ठरलं होतं. शंभर पावलंही झाली नाहीत. श्वास खोल-खोल ओढावा लागत होता. रस्त्याकडेच्या मासळीच्या खानावळीच्या बाकावर मी बसले आणि बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आलाच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आली, म्हणजे मोजता येईल त्याच्या पलीकडं. मी पेन काढलं, पोटात टोचलं, तासाभरानं परत बघितलं. तेच. दुसरं पेन काढलं. आणि तेव्हा मला कळलं. सगळी पेनं, सगळी काडतुसं त्याच बॅगेत होती. दोन दिवस पत्र्याखाली शिजलेली. मी पाणी टोचून घेत होते.

खानावळीची मालकीण बाहेर चिलापी साफ करत बसली होती. पन्नाशीची बाई, हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकणारे. मी उलटी केली तशी ती उठून आली.

"काय झालं गं बाय? पोटुशी हाईस का?"

"नाही. मला शुगर आहे. लहानपणापासून." घराबाहेरच्या बाईला मी हे पहिल्यांदा सांगत होते, आणि तेही तोंडाला ओकारीचा वास येत असताना.

"मग सुई टोच की."

"टोचली. औषध नासलंय. उन्हानं."

बाकी काही तिला समजावून सांगावं लागलं नाही. नासणं म्हणजे काय ते मासळी विकणाऱ्या बाईला पुरतं कळत होतं. तिनं नवऱ्याला कढईपाशी बसायला सांगितलं, हात धुतले, रिक्षा थांबवली आणि मला धरून आत बसवलं. "झोपू नगंस," ती वाटभर माझ्या गालावर चापट्या मारत म्हणत होती. "नाव-गाव सांग. आईचा नंबर सांग. झोपू नगंस." मला नंबर आठवत होता, पण आकडे तोंडातून बाहेर पडत नव्हते. मी मरणार आहे असं मला वाटत होतं, आणि त्याहून जास्त, आता घरचे मला कधीच कुठं जाऊ देणार नाहीत असं वाटत होतं.

भिगवणच्या छोट्या दवाखान्यात सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं बारामतीला आणलं. नीट शुद्धीवर आले तेव्हा आई खाटेशेजारी होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पेज भरवताना म्हणाली, "झालं का समाधान? आता न्हाय जायचं."

मी म्हणाले, "बॅग बंद ठेवली म्हणून नासलं. आत्याला दिसू नये म्हणून."

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. मग उरलेली पेज तिनं मला भरवली.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ओसरीत ती थैली हातात घेऊन उलटसुलट करत बसली होती. मला वाटलं, फेकून देणार.

"ही अशी कपड्यात बांधून ठिवलीतीस?"

"हो."

"येडी हाईस. रानात पान्याच्या कॅनला वलं गोनपाट गुंडाळतो ते झाडाला टांगतो ना? पेटीत घालून वर झाकान लावलं तर गार हुईल का? वारा नगं त्याला?"

थैलीसोबतच्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण लपवायची तेरा वर्षांची सवय त्या कागदाहून मोठी निघाली.

त्याच संध्याकाळी आईनं आत्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आत्याचा आवाज मला भिंतीआडूनही ऐकू येत होता. "मला तोंडघशी पाडलंत," ती म्हणत होती. ते स्थळ गेलं. आत्या वर्षभर आमच्याकडं आली नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "सांगितलं. पन तू जायचं न्हायच." दोन्ही गोष्टी तिनं एकाच सुरात सांगितल्या.

तरीही मी गेले. या वेळी दोन थैल्या घेतल्या, नवं आणलेलं इन्सुलिन अर्धं-अर्धं केलं, आणि दोन्ही बॅगेच्या बाहेर, वारा लागेल अशा, दोन पट्ट्यांना टांगल्या. जॅकेट आणि जादा पॅन्ट कायमची बाहेर राहिली. काट्यावर सहा किलो आठशे. आप्पांनी मला पुण्याला विमानतळावर सोडलं. आई दारापर्यंतही आली नाही. आत भांडी घासत राहिली.

पुढचं फार गोड नाही. रोज सकाळी डोळे उघडले की पहिली भीती थैल्यांची. जिथं उतरेन तिथल्या बाईला मी खुणा करून, पोटाला बोट लावून, फ्रीज मागायची. कुणी नाही म्हटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. लाओसमध्ये डोंगरातल्या एका बसमध्ये एक थैली पट्ट्यावरून सुटून कुठंतरी पडली. दोन तास मी सगळ्या सीटांखाली रांगत होते. दोन म्हाताऱ्या बायकाही माझ्याबरोबर रांगल्या. सापडली नाही. उरलेलं इन्सुलिन मोजलं, दिवस मोजले आणि बेचाळिसाव्या दिवशी बँकॉकहून परत फिरले. व्हिएतनाम राहिलं. कंबोडियाही राहिलं.

लॅबमध्ये माझ्या जागी दुसरी मुलगी आली होती. आता मी दुसऱ्या लॅबमध्ये आहे. तिथं सुई टेबलावर बसूनच टोचते, आणि तिथल्या सगळ्यांना ते माहीत आहे. आई अजून म्हणते, तू गेली नसतीस तर बरं झालं असतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डोळ्यांचे फोटो काढले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर साखरेमुळं ठिपके दिसू लागलेत. आणखी किती वर्षं धड दिसेल, असं विचारलं तर ते नीट उत्तर देत नाहीत. मी परत तिकिटं बघायला लागले आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.